पंचवीस यार्डांच्या रेषेवर

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, उन्हं चढायच्या आत,
मी हे चिन्ह रंगवतो.
चार खुंट्या, सुतळी, प्लायवुडचा साचा,
पांढऱ्यात पाणी निम्मं,
निळा मात्र घट्ट, फिका निळा कॅमेऱ्याला दिसत नाही
आणि कॅमेऱ्याला जे दिसत नाही त्याचे पैसे मिळत नाहीत.
एकतीस वर्षं झाली.
यंदा कचेरीतून चिठ्ठी आली: ऑर्विल, चिन्ह खोडून टाक.

कॉन्फरन्स मोडली.
दहा कॉलेजांची पंगत होती.
सगळ्यांना सारखं वाढत; जिंकला त्याला तेवढंच,
अकरा सामने हरून आला त्यालाही तेवढंच.
मग किनाऱ्यावरचे दोघे उठले, हात न धुता.
उरलेल्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, आम्ही नाही हलणार,
आणि शुक्रवारी दुपारी, सँडविच संपेस्तोवर,
सहा जण हलले.
मागे राहिलो आम्ही आणि खाऱ्या तळ्याकाठचं एक,
ज्यांच्याशी आमचं कधी धड बोलणंसुद्धा नव्हतं.

आठ मैलांवरचं नॉर्थ फोर्क गेलं, ते मात्र लागलं.
नव्या घरी त्यांना पहिली सहा वर्षं अर्धाच वाटा.
अर्धा! तरी तो आमच्या पूर्ण वाट्याहून मोठा,
हे गणित मला लोवेलने समजावलं,
त्यांच्या मैदानावर रंग मारतो तो,
गुन्हा कबूल केल्यासारखं, हळू आवाजात.
त्या घराच्या नावात आठ आहे आणि पानं सतरा,
मोजायला कुणाला सवड नाही.

मारिसेला माझ्याबरोबर पाइप धरते.
तिची इनेझ तिकडे व्हॉलीबॉल खेळते.
मंगळवारचा सामना आता तीन घड्याळं पलीकडे,
परत येते बुधवारी पहाटे,
रसायनशास्त्राची वही विमानतळाच्या फरशीवर उघडते.
पण तिची फी, बूट, गुडघ्याचं ऑपरेशन
सगळं त्याच पंगतीतून आलेलं,
म्हणून मी टीव्हीवाल्यांना शिव्या घालायला लागलो
की मारिसेला नळ मोठा करते.

शिव्या तरी किती घालणार.
बाजूच्या रेषेवर लाल बाह्यांचा एक माणूस उभा असायचा.
त्याने हात आडवे धरले की खेळ थांबायचा.
बावीस पोरं वाफा सोडत उभी,
आणि तेवढ्यात कुठेतरी, उबेत, ट्रक विकले जायचे.
एकदा त्याला विचारलं, किती?
म्हणाला, साडेतीन मिनिटं.
मी पैशांचं विचारत होतो.
त्याचे ओठ थंडीने फुटले होते; माझ्याकडचं मलम दिलं,
त्याने एका हाताने लावलं, दुसरा आडवाच ठेवून.

एक दुधाची किटली आहे, पत्र्याची, बुडाशी पोचा आलेली.
आम्ही जिंकलो की इकडे, ते जिंकले की तिकडे,
माझ्या आजोबांच्या आधीपासून.
यंदा त्यांच्या वेळापत्रकात आमच्यासाठी शनिवार नाही.
किटली आमच्याकडे आहे.
म्हणजे आम्हीच जिंकलो, बहुतेक. कायमचे.

दाबाच्या पाण्याने निळा गेला, पांढरा गेला,
वर हिरवा फवारा मारला.
तरी उन्हं तिरपी झाली की दिसतंच,
एकतीस वर्षांच्या रंगाखाली गवत वेगळं उगवलंय,
आखूड, जरा हट्टी.
मारिसेला म्हणाली, वसंतापर्यंत जाईल.
साचा तिलाच दिला, कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकायला.

रात्री लोवेलचा फोन.
नवं चिन्ह फार मोठं आहे, म्हणाला, कडा पसरतायत.
तू निळ्यात पाणी किती घालायचास?
मी थोडा वेळ गप्प राहिलो.
साडेतीन मिनिटं नसतील, पण राहिलो.
मग सांगितलं.